एडी अल्बर्ट : पडद्यावर भित्रा, पाण्यात शूर

आपल्या मासिकाच्या मराठी पानावर चरित्र लिहायचे म्हटले की परमवीरचक्र विजेत्यांची नावे आधी डोळ्यांसमोर येतात, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र मी एका नटाविषयी लिहिणार आहे. तोही परदेशी, आणि टेलिव्हिजनवरच्या विनोदी मालिकेसाठी ओळखला जाणारा. हे वाचून काही कॅडेट पान उलटतील याची मला कल्पना आहे. त्यांनी थोडा धीर धरावा.

मी भूगोल शिकवतो. नववीच्या वर्गाला भरती-ओहोटी शिकवताना दरवर्षी तारावाच्या लढाईचे उदाहरण देतो. त्या लढाईचे वाचन करताना मला एका नौदल अधिकाऱ्याचे नाव भेटले, आणि हाच माणूस आपण ‘रोमन हॉलिडे’ चित्रपटात दाढीवाल्या छायाचित्रकाराच्या भूमिकेत पाहिला होता, हे ध्यानात आले. तेव्हापासून त्यांच्याविषयी जे मिळेल ते मी वाचत आलो. त्यातले सांगण्यासारखे इथे देतो.

एडवर्ड अल्बर्ट हाइमबर्गर याचा जन्म २२ एप्रिल १९०६ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात रॉक आयलंड या गावी झाला. तो लहान असतानाच कुटुंब मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहरात राहायला गेले. घरची श्रीमंती नव्हती. एडी अगदी लहानपणी वर्तमानपत्रे टाकू लागला. पहिले महायुद्ध सुरू झाले, अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली आणि या मुलाचे जर्मन आडनाव त्याला नडले. शाळेतली मुले त्याला शत्रू म्हणून चिडवू लागली. ज्या देशासाठी पुढे त्याने जीव धोक्यात घातला, त्याच देशातल्या शाळेत तो असा परका ठरला होता. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना हे वेगळे समजावून सांगायला नको. नावावरून, भाषेवरून, बोलण्याच्या ढबीवरून कुणाला चिडवले जाते, हे आपण सगळे पाहतो.

शाळा संपल्यावर त्याने मिनेसोटा विद्यापीठात व्यवसायाचे शिक्षण घेतले. पण १९२९ साली अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला आणि लाखो लोकांबरोबर त्याच्याही नोकरीच्या आशा मावळल्या. मग मिळेल ते काम करणे आले. त्याने विमा विकला, रात्रीच्या क्लबांत गाणी म्हटली, सर्कशीच्या झुल्यावरही काम केले. रेडिओवर गाऊ लागल्यावर नवीच अडचण उभी राहिली. निवेदक हाइमबर्गर या आडनावाचा उच्चार हॅमबर्गर असा करीत. शेवटी त्याने आडनावच सोडून दिले आणि एडी अल्बर्ट एवढेच नाव ठेवले.

१९३३ साली ते न्यूयॉर्कला गेले आणि रेडिओवर त्यांचा जम बसू लागला. १९३६ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. टेलिव्हिजन त्या वेळी प्रयोगशाळेतच होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये एनबीसी कंपनीचे प्रयोग चालू होते. लोकांच्या घरी संच नव्हते, त्यामुळे प्रेक्षक म्हणजे मूठभर तंत्रज्ञ आणि पाहुणे. त्या प्रयोगांसाठी अल्बर्ट यांनी एक छोटे नाटक स्वतः लिहिले आणि त्यात काम केले. तेव्हाच्या कॅमेऱ्यांना फार प्रकाश लागत असे. दिव्यांच्या धगीत, तोंडावर जाड रंग थापून कलाकारांना उभे राहावे लागे. टेलिव्हिजनसाठी लिहिलेल्या अगदी पहिल्या नाटकांत याची गणना होते. म्हणजे टेलिव्हिजनला प्रेक्षक मिळण्याआधीपासून हा माणूस टेलिव्हिजनचा नट होता.

दुसरे कारण आपल्या शाळेला जवळचे आहे. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रॉडवेच्या रंगभूमीवर ‘ब्रदर रॅट’ हे विनोदी नाटक आले. त्याची कथा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट या लष्करी शिक्षणसंस्थेत घडते. तिथे पहिल्या वर्षाच्या कॅडेटला उंदीर म्हणतात आणि एकाच तुकडीत आलेले कॅडेट एकमेकांचे उंदीरबंधू. नाटक लिहिणारे दोघेही त्याच संस्थेचे माजी विद्यार्थी होते, त्यामुळे रोजची परेड, शिक्षा, परीक्षेची धास्ती आणि वरिष्ठांच्या नजरा चुकवून केलेल्या करामती यांत खरेपणा होता. अल्बर्ट यांनी त्यात बेसबॉलपटू कॅडेटचे काम केले. या कॅडेटने नियम मोडून गुपचूप लग्न केलेले असते, आणि नेमका मोठ्या सामन्याच्या तोंडावर आपण बाप होणार हे त्याला कळते. नाटक खूप चालले. १९३८ साली त्यावर चित्रपट निघाला, तेव्हा तीच भूमिका अल्बर्ट यांनाच मिळाली. त्या चित्रपटात दुसऱ्या एका कॅडेटचे काम रोनाल्ड रेगन यांनी केले होते. हेच रेगन पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

खोटा गणवेश घालून नाव मिळवलेल्या या नटाला खरा गणवेश चढवण्याची वेळ लवकरच आली. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली तेव्हा अल्बर्ट यांचे वय पस्तिशीच्या घरात होते आणि हॉलिवूडमध्ये काम मिळत होते. सप्टेंबर १९४२ मध्ये ते तटरक्षक दलात भरती झाले. पुढच्या वर्षी नौदलाच्या राखीव दलात लेफ्टनंट म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि ‘शेरिडन’ या सैनिकवाहू जहाजावर ते रुजू झाले.

आता माझ्या विषयाकडे येतो. नोव्हेंबर १९४३ मध्ये अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या तारावा या कंकणद्वीपावर हल्ला केला. त्यातले बेटिओ हे बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब आणि रुंदीला त्याहून कितीतरी कमी. पण त्यावर जपानची धावपट्टी होती, आणि तिच्या रक्षणासाठी साडेचार हजारांहून अधिक माणसे नारळाचे ओंडके, वाळू आणि काँक्रीट यांच्या बंकरांत बसलेली होती. बेटाभोवती प्रवाळाचा सपाट कट्टा आहे. सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या सपाट तळाच्या बोटींना तो पार करायला साधारण चार फूट पाणी लागते. योजना आखणाऱ्यांनी पाच फूट पाणी मिळेल असा हिशेब केला होता.

कोकणातल्या कोणत्याही कोळ्याला विचारा, तो सांगेल की अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांग असते. भांगाला पाणी फारसे चढतही नाही आणि उतरतही नाही. २० नोव्हेंबरला, हल्ल्याच्या दिवशी, चंद्र कृष्ण अष्टमीच्या आसपास होता आणि त्यातच पृथ्वीपासून आपल्या कक्षेच्या लांबच्या टोकाजवळ होता. त्यामुळे भरती नेहमीच्या भांगापेक्षाही कमी आली. कट्ट्यावर पाणी चढलेच नाही. पहिल्या तुकड्या पट्ट्यांवर रांगत जाणाऱ्या वाहनांतून होत्या, त्या कट्टा ओलांडून गेल्या. मागून आलेल्या बोटी मात्र कट्ट्याच्या कडेला अडकल्या. त्यांतल्या मरीन सैनिकांना पाण्यात उतरून, बंदुका डोक्यावर धरून, काही शे मीटर चालत जावे लागले. पाणी कुठे कमरेला, कुठे छातीला. आडोसा कशाचाच नाही, आणि समोरून मशिनगन चालू.

वर्गात मी इथे थांबतो आणि मुलांना भरतीचे कोष्टक वाचायला लावतो. एक-दोन फूट पाण्याचा हा हिशेब आहे, पण त्यात किती माणसे गेली हे सांगितल्यावर वर्ग शांत होतो. तीन दिवसांच्या त्या लढाईत सुमारे हजार अमेरिकन मेले आणि दोन हजार जखमी झाले. जपानी सैनिकांपैकी फक्त सतरा जण जिवंत हाती लागले.

अल्बर्ट यांच्याकडे काम होते ते अडलेल्या, बिघडलेल्या बोटी सोडवण्याचे. लढण्याचे काम त्यांच्या वाट्याला नव्हते. पण कट्ट्यावरच्या पाण्यात जखमी मरीन अडकून पडले होते. त्यांना पुढे जाता येत नव्हते, मागे पोहत येण्याची ताकद नव्हती. अल्बर्ट यांनी आपली बोट मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्याकडे नेली, माणसांना पाण्यातून वर ओढून घेतले, जहाजाकडे पोहोचवले आणि पुन्हा परत गेले. अशा रीतीने त्यांनी ४७ मरीन सैनिकांना बाहेर काढले आणि आणखी ३० जणांच्या सुटकेवर देखरेख केली. या कामगिरीसाठी त्यांना शौर्यदर्शक अक्षरासह ब्रॉन्झ स्टार हे पदक मिळाले. लढाईच्या आवाजाने त्यांची श्रवणशक्ती काही प्रमाणात कायमची गेली.

यातली मला मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे परत जाणे. पहिल्या खेपेला माणूस भरात जाऊ शकतो. समोर काय आहे ते पुरते कळलेले नसते. बोट भरून आणल्यावर, बाजूच्या पाण्यावर गोळ्या पडताना पाहिल्यावर, बोट पुन्हा त्याच दिशेला वळवायची तर तो निर्णय थंड डोक्याने घ्यावा लागतो. सदतीस वर्षांचा, सर्कस आणि रंगमंच पाहिलेला हा माणूस पोटात भीती असतानाच तिथे गेला असणार, असे मला वाटते.

युद्ध संपले. डिसेंबर १९४५ मध्ये त्यांनी मार्गो या मेक्सिकोत जन्मलेल्या नटी-नर्तकीशी लग्न केले. त्यांना एक मुलगा झाला आणि एक मुलगी त्यांनी दत्तक घेतली. अल्बर्ट यांनी स्वतःची एक छोटी संस्था काढून शाळांसाठी शैक्षणिक चित्रपट बनवले. वयात येणाऱ्या मुलांना शरीरातले बदल समजावून सांगणारा त्यांचा चित्रपट त्या काळात धाडसाचा मानला गेला.

पण ते दिवस अमेरिकेत संशयाचे होते. १९५० साली कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा आरोप ठेवणारी एक पुस्तिका निघाली, त्यात मार्गो यांचे नाव आले. कसलाही खटला नाही, पुरावा नाही, पण त्यांची कामे जवळजवळ थांबली. अल्बर्ट यांच्यावरही त्याचे सावट पडले. त्यांचे युद्धातले काम त्यांना वाचवून गेले, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले आहे. लहानपणी आडनावामुळे शत्रू ठरलेल्या माणसाला, पदक मिळवल्यावरही, आपल्या घराची निष्ठा पुन्हा सिद्ध करण्याची वेळ आली.

ते काम करत राहिले. १९५३ साली ‘रोमन हॉलिडे’ आला आणि त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. त्याच वर्षी ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीचे टेलिव्हिजनवर पहिल्यांदा रूपांतर झाले, त्यात नायकाचे काम त्यांनी केले. हे प्रक्षेपण थेट होते. चुकले तर पुन्हा करण्याची सोय नव्हती.

१९५६ साली आलेला ‘अटॅक’ हा चित्रपट मात्र प्रत्येक होतकरू अधिकाऱ्याने पाहावा असा आहे. अल्बर्ट यांनी त्यात कॅप्टन कूनी या कंपनी कमांडरचे काम केले. हा कूनी भित्रा आहे. वडिलांच्या वजनामुळे त्याला अधिकार मिळाला आहे. तो आपल्या माणसांना पुढे पाठवतो, त्यांना मदत देण्याचा शब्द देतो, आणि वेळ आली की तोंड फिरवतो. माणसे मरतात. वरिष्ठाला हे ठाऊक असते, पण त्याचा स्वतःचा स्वार्थ असल्यामुळे तो कूनीला पदावर राहू देतो. अमेरिकन लष्कराला ही कथा रुचली नाही. त्यांनी चित्रपटाला कसलीही मदत केली नाही.

आता विचार करा. ज्याने माऱ्यात बोट परत नेली, त्यानेच माऱ्यात पुढे न जाणाऱ्याचे काम केले, आणि इतके खरे केले की कूनीची घृणा येता येता दयाही येते. खरा शूर माणूस भित्र्याची थट्टा करून मोकळा झाला असता, तर ते काम सोपे झाले असते. अल्बर्ट यांनी कूनीला आतून दाखवला. मारकुट्या बापाच्या धाकात वाढलेला, स्वतःवर विश्वास नसलेला, दारूत लपणारा माणूस. तो पाहताना मला तरी असेच वाटले की भीतीची ओळख असल्याशिवाय हे जमत नाही. कूनीचा दोष भीती वाटणे हा नव्हता. ती लपवण्यासाठी त्याने दुसऱ्यांचे जीव वापरले, हा त्याचा दोष. रात्रीच्या अडथळा शर्यतीत किंवा उंच फळीवरून पाण्यात उडी मारताना ज्याचे पाय थरथरतात, त्या कॅडेटला मी हा फरक नेहमी सांगतो.

पुढे ‘द लाँगेस्ट डे’ या १९६२ सालच्या चित्रपटात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्यात ते कर्नल झाले. पण अमेरिकेच्या घराघरांत त्यांचे नाव पोहोचले ते एका साध्या विनोदी मालिकेने. १९६५ ते १९७१ या काळात ‘ग्रीन एकर्स’चे १७० भाग झाले. न्यूयॉर्कचा एक यशस्वी वकील शेतीच्या वेडापायी शहर सोडतो आणि पडक्या घरासह एक शेत विकत घेतो. शहरी थाटात रमलेली बायको नाइलाजाने सोबत येते. तो कोट, टाय आणि जाकिटासकट ट्रॅक्टर चालवतो, शेतकऱ्याच्या महत्त्वावर गंभीर भाषणे देतो, आणि गावात शेजाऱ्याचे डुक्कर घरात बसून टेलिव्हिजन पाहत असते. भोवती सगळे चक्रम, आणि त्यांच्यात हा एकटा शहाणा, किंवा उलट. हसू न देता हसवणे फार अवघड काम, आणि ते त्यांनी सहा वर्षे केले. वाहिनीने १९७१ मध्ये ग्रामीण मालिका एकदम बंद केल्या, त्यात हीही गेली.

मालिकेतला वकील शेतीत फसत असे. अल्बर्ट स्वतः मात्र खरेच माती ओळखत. लॉस एंजेलिसच्या उच्चभ्रू वस्तीतल्या आपल्या घरापुढे हिरवळीऐवजी त्यांनी मका लावला होता. कीटकनाशकांबद्दल ते फार आधी बोलू लागले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून जवळ अनाकापा नावाचे बेट आहे. तिथे तपकिरी पाणकोळी घरटी करतात. समुद्रात गेलेले डीडीटी माशांत, माशांतून या पक्ष्यांत जाई, आणि त्यामुळे अंड्यांचे कवच इतके पातळ होई की आई उबवायला बसली की अंडे फुटे. १९७० साली त्या बेटावरच्या साडेपाचशे घरट्यांतून फक्त एक पिल्लू जगले. अल्बर्ट शास्त्रज्ञांबरोबर त्या बेटावर गेले, डोळ्यांनी पाहिले, आणि मग गावोगावी जाऊन आपल्या प्रसिद्धीचा उपयोग ते सांगण्यासाठी केला. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. ती एकट्या अल्बर्ट यांच्यामुळे आली असे कुणी म्हणणार नाही. पण शास्त्रज्ञांचे म्हणणे सामान्य माणसाच्या कानापर्यंत नेणारे जे थोडे होते, त्यांत ते होते. अनाकापावर आज पाणकोळी पुन्हा पिल्ले वाढवतात.

मार्गो १९८५ मध्ये गेल्या. अल्बर्ट नव्वदीपर्यंत काम करत होते. मग स्मृतिभ्रंशाने त्यांना गाठले. त्यांचा मुलगा एडवर्ड हाही नट होता. त्याने आपली कामे बाजूला ठेवली आणि वडिलांच्या अखेरच्या वर्षांत त्यांची सेवा केली. २६ मे २००५ रोजी, वयाच्या ९९व्या वर्षी, न्यूमोनियाने अल्बर्ट यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मुलगाही कर्करोगाने गेला. पालकांपैकी कुणी हे वाचत असतील तर त्यांना इतकेच सांगतो, पदक बापाने मिळवले. मुलाच्या सेवेसाठी कोणतेही पदक नव्हते.

हे चरित्र मी का निवडले ते आता लिहितो. दरवर्षी एसएसबीचे आणि वैद्यकीय तपासणीचे निकाल येतात. कुणाची निवड होते. कुणी एका गुणाने, कुणी डोळ्यांच्या नंबराने, कुणी सपाट तळव्याने मागे राहतो. मग तो आठवडाभर जेवणाच्या हॉलमध्ये खाली मान घालून बसतो, आणि घरी फोन करायचे टाळतो. त्याला वाटते, सहा-सात वर्षांची परेड वाया गेली. अशा मुलाच्या खांद्यावर हात ठेवताना शब्द सापडत नाहीत. म्हणून लिहून ठेवतो.

एडी अल्बर्ट ९९ वर्षे जगले. त्यांतली गणवेशातली वर्षे मोजून तीन-चार. त्या वर्षांत जे करायचे ते त्यांनी पूर्ण केले. उरलेल्या आयुष्यातही ते अडलेल्याकडे जातच राहिले. कधी शाळेतल्या मुलांसाठी चित्रपट घेऊन, कधी पाणकोळ्यांच्या बेटावर. ज्यांची निवड होईल त्यांनी भरतीचे कोष्टक नीट वाचायला शिकावे, कारण तुमच्या हिशेबावर माणसे पाण्यात उतरणार आहेत. ज्यांची होणार नाही, त्यांनी निकालाच्या संध्याकाळी आधी घरी फोन करावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पीटीला वेळेवर यावे. मी मैदानावर असेनच.